मानेवरचे पीळ

"सत्यशीला, दाणे मारता मारता एखाद्या दिवशी कातडी मारशील."

अप्पामामा हे मला पहिल्याच लग्नसराईत म्हणाले होते आणि मी हसले होते. समोर एकशेवीस फोटो पडले होते, आतल्या खोलीत झोळीत माझी आठ महिन्यांची उपू रडत होती, आणि मामा चष्मा कपाळावर सरकवून एका नवरीच्या गालावर बोट ठेवून बसले होते. "ही नवरी हाय का उकडलेलं अंडं?"

"गिऱ्हाइकाला असंच लागतं, मामा. काल मुलीचा बाप काय म्हणाला? इतकी गुळगुळीत करा की सासरचे घसरून पडले पाहिजेत."

मामा म्हणजे अप्पाराव, मंठ्यातल्या आमच्या स्टुडिओचे मालक. नात्याचे नाहीत, पण सगळं गाव त्यांना मामाच म्हणतं. तीस वर्षं त्यांनी भिंगाखाली निगेटिव्ह धरून टोकदार पेन्सिलीने चेहरे दुरुस्त केले. मी जालन्याला बी.एस्सी. झालेली, लग्नानंतर कॉम्प्युटर शिकलेली. दुकानात डिजिटल कॅमेरा आला आणि त्याच्यामागून मी आले.

डिजिटलचा त्रास असा की उजेड कमी असला की फोटोवर रंगीत दाणे उठतात. लाल, हिरवे, निळे. ओल्या भिंतीवर कुणी मूठभर तिखट फुंकावं तसे. ते घालवायला कॉम्प्युटरमध्ये फिल्टर असतो. तो प्रत्येक ठिपका शेजारच्या ठिपक्यांशी ताडून बघतो आणि जो शेजाऱ्यांसारखा नसेल त्याला शेजाऱ्यांसारखा करून टाकतो. दाणे जातात. त्यांच्याबरोबर गालावरची लव जाते, ओठांच्या भेगा जातात, शालूची वीण जाते. दाणा कुठला आणि खरी बारीक गोष्ट कुठली, हे त्याला कळत नाही. मामांचं म्हणणं होतं, फिल्टर भिंतीला लाव, मांडवाच्या कापडाला लाव. चेहरा आणि हात मात्र डोळ्यांनी बघून, सावकाश साफ कर. आणि आधी मूळ फोटोची एक प्रत बाजूला ठेव.

मला ते सगळं पटत होतं. पण तसं करायला एका फोटोला वीस मिनिटं लागायची आणि उपू दहा मिनिटांच्या वर गप्प राहायची नाही. मी एक सोय करून ठेवली होती. एक कळ दाबली की सगळ्या फोल्डरवर फिल्टर फिरायचा आणि फोटो जुन्याच नावाने, जुन्याच जागी साठवला जायचा. मी तेवढ्यात तिला पाजून यायची.

दोन हजार चारच्या एप्रिलमध्ये मामा एका लग्नाचे फोटो काढून दुपारी दुकानात टेकतात न टेकतात तोच पोलिसांची जीप आली. पंचनाम्याचे फोटो आमच्याकडेच असायचे. कार्ड बदलायलाही वेळ मिळाला नाही. मामा तोच कॅमेरा गळ्यात अडकवून कोरडगव्हाणला गेले.

संध्याकाळी आले ते आधी नळाखाली हात धूत बसले. कोपरापर्यंत. मग माझ्याकडे न बघता बोलले.

"बावीस वर्षांची पोरगी. गिरिजा. सात महिन्यांचं पोरगं हाय तिला. माळवदाचं घर, आत नुसता अंधार. फ्लॅश दोनदा उडाला आन् गेला. मंग दार उघडं टाकून तसेच काढले. दाणे लई आले असतील." त्यांनी हात पुसले, पुन्हा ओले केले. "सासू सांगून राह्यली, पोरीनं लुगड्यानं फास घेतला. अगं, लुगड्याचा वळ रुंद पडतो, वर कानाकडं चढत जातो. हा आडवा व्हता, सरळ गळ्याभोवती. आन् त्याच्यात कासऱ्याचे पीळ उमटल्ते. बैलाचा कासरा. मोजता येत व्हते, सत्यशीला. हाताची तीन नखं मुळापासून मोडलेली. तिचा भाऊ आल्ता, धर्मराज. त्यानं माझं मनगट धरून कॅमेरा मानेवर नेला. म्हणला, मामा, हे काढा, उद्या कोनी न्हाई म्हणंल."

"डॉक्टर लिहितील की."

"दिवसभर उन्हाळ्यात पडलेली बाई. डॉक्टरनं उभ्या उभ्या पाहिलं, गळफास लिहिलं. दिवस मावळायच्या आत जाळून बी टाकली. आता जे हाय ते ह्या कार्डात हाय. शेवटचे सहा. त्याला हात लावू नको. हायेत तसे छाप."

मी हो म्हणाले. खरंच ऐकलं होतं मी.

सकाळी लग्नवाले दारात उभे, दहा वाजता दुसऱ्या लग्नाला कार्ड हवं, उपूला रात्रीपासून ताप. दर थोड्या वेळाने मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघत होते. कार्डातलं सगळं एका फोल्डरमध्ये उतरवलं, कळ दाबली, कार्ड पुसून मामांच्या हातात दिलं. ते सहा फोटो आठवले तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

मी ते उघडले. मातीची भिंत मऊ. गिरिजाचा चेहरा मऊ, मिटल्या डोळ्यांचा, झोपलेल्या बाईचा. मोडलेल्या नखांच्या जागी गोल, स्वच्छ बोटं. आणि मान. मानेवर एक फिकट तपकिरी पट्टा होता, रुंद, कडा विरघळलेल्या, लुगड्याचा असावा तसा. पीळ एकही नव्हता. फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. लोण्यावरून बोट फिरवावं तशी मान.

मी आतल्या खोलीत गेले, उपूला झोळीतून काढून छातीशी धरलं आणि भिंतीला पाठ लावून बसले. मामा लग्नावरून आले तेव्हा त्यांना सांगितलं. ते पडद्यासमोर बसले आणि बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी बहिणीच्या अस्थी सावडून धर्मराज तसाच दुकानात आला. पंचवीसेक वर्षांचा, उंच, पायांवर राख. मामा बाहेर गेले होते. मी प्रिंट काउंटरवर ठेवले आणि काय झालं ते सांगितलं.

त्याने प्रिंटवरच्या मानेवरून बोट फिरवलं. मग त्याने काउंटरच्या काचेवर मूठ मारली. काच फुटली, मनगटात घुसली, रक्त फोटोंवर सांडलं आणि त्याने पुन्हा मारली, तिथेच. "फौजदार म्हणला, फोटो आना, बघू. हे दाखवू? हे?"

"दादा, हात..."

"परत लावा ते."

"गेलेलं परत येत नाही."

"ताई, तुमी कॉम्प्युटरवर नवरीच्या कपाळाला कुंकू लावता. मेलेल्या आजोबाला नातवाशेजारी उभं करता. अन् माझ्या बहिनीच्या गळ्यावर तिचाच वळ लावता येईना?"

खरं लिहिते, मलाही तेच हवं होतं. पोळ्याच्या फोटोंमध्ये एका बैलाच्या गळ्यातला कासरा स्पष्ट आला होता. मी तो उचलला, मानेच्या गोलाईप्रमाणे वाकवला, फिकट केला, त्वचेत मुरवला. शेवटी खरा वाटावा म्हणून त्यावर दाणे पेरले. जे मी रोज पुसत आले तेच. अर्ध्या तासात प्रिंट निघाला. धर्मराज तो बघून हुंदका देऊन म्हणाला, "हेच. असंच व्हतं."

तेवढ्यात मामा आले. त्यांनी प्रिंट भिंगाखाली धरला.

"हा तीन पदरी हाय," ते म्हणाले. "तिच्या मानेवर चार पदरी व्हता. हा आपल्या पोळ्याच्या बैलाचा. वकील एका दिवसात पकडंल, आन् मंग खरं असलेलं बी सगळं खोटं होईल." आणि त्यांनी प्रिंट फाडला.

धर्मराजाने मामांच्या तोंडावर ठोसा मारला. मामा साठीचे, ते स्टुलासकट मागे पडले, डोकं भिंतीवर आपटलं. तो त्यांच्या छातीवर बसला आणि मारत राहिला. मी त्याचे केस धरून ओढले, त्याने कोपर मारलं, माझा ओठ फाटला. आतून उपू किंचाळायला लागली. तो आवाज ऐकून तो थांबला. आतल्या दाराकडे बघत उठला. "कागदावर न्हाई तर न्हाई," म्हणाला आणि गेला.

मामांचे पुढचे दोन दात पडले. ओंजळीत दात घेऊन ते मला म्हणाले, "चल. पोलिसात. तू काय केलं ते लिहून दे. मी काय पाहिलं ते मी देतो."

फौजदाराने दोन्ही कागद वाचले. "मामा, तुम्ही फोटोग्राफर. डॉक्टर कधी झाले? आणि बाई, तुमचं म्हणणं, फोटोत काही दिसत नाही, पण दिसायला पाहिजे होतं. बराबर?"

"हो."

"छान." त्याने कागद फायलीत लावला. त्या रात्री माझे यजमान, वसंता, एवढंच म्हणाले, "लिहून दिलं ते बरं केलं. पण उपूला दुकानात नेणं बंद कर." न्यावं नाही तर ठेवावं कुठे, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

तेराव्याच्या दोन दिवस आधी गिरिजाचा नवरा आला. मच्छिंद्र. पांढरा शर्ट, डोक्याचा तुळतुळीत गोटा. लग्नातला तिचा फोटो मोठा करून फ्रेम करून पाहिजे होता, हार घालायला. बोलणं अगदी नरम. "म्याडम, चेहरा जरा उजळ करा. तिला आवडायचं."

त्याने फोटो पुढे केला तेव्हा तळहात दिसले. दोन्ही हातांवर, बोटांच्या मुळाशी, आडव्या खपल्या. सोललेल्या कातडीवरच्या. माझी नजर गेलेली त्याने पाहिली.

"बैल उधळला व्हता," तो म्हणाला. मग हसला. "तुमी पोलिसात लिहून दिलं म्हणं."

मामा दवाखान्यात होते. तो काउंटरला वळसा घालून आतल्या खोलीत गेला, मी धावले. उपू झोळीत झोपली होती. त्याने झोळीची दोरी हातात घेतली, गाठ चाचपली.

"ही ढिली हाय, म्याडम. लेकरू पडंल." आणि त्याने ती सोडली. एका हातात झोळीचा सगळा भार पेलून, दुसऱ्या हाताने दोरी आकड्याभोवती दोनदा फिरवली, पायाने भिंत रेटली आणि खेचली. दोरी कचकन आवळली. खपली फुटून दोरीवर रक्त लागलं. उपू हललीसुद्धा नाही. "आता न्हाई सुटत," तो म्हणाला. "फ्रेम जल्दी द्या."

ती गाठ मला सोडवता आली नाही. विळीने कापावी लागली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवर उपूला कडेवर घेऊन उभी होते. मच्छिंद्र रस्त्यापलीकडे कलिंगडं बघत होता. धर्मराज गर्दीतून आला, घाई नाही, काही नाही, बाजार करायला आल्यासारखा. कुऱ्हाड पोत्यात गुंडाळलेली होती. पहिला घाव खांद्यात बसला, लाकडात बसावा तसा, आणि अडकला. त्याने पाय देऊन तो उपसला. मच्छिंद्र गुडघ्यांवर आला, हात वर केला. दुसऱ्या घावाला डाव्या हाताची दोन बोटं कलिंगडांमध्ये जाऊन पडली. "पीळ दिसतेत का आता? दिसतेत का?" धर्मराज ओरडत होता. तिसरा घाव पडायच्या आत लोकांनी त्याला धरलं. मच्छिंद्रच्या भावकीचे चौघे होते. त्यांनी त्याला गाडीच्या जुवाने हाणलं, तो पडल्यावरही हाणलं. मी उपूचे डोळे माझ्या हाताने झाकले होते. माझे स्वतःचे मला झाकता आले नाहीत.

मच्छिंद्र वाचला. धर्मराज जेलात गेला, उजवा पाय कायमचा वाकडा घेऊन.

एवढं सगळं पुरेसं नव्हतं. गिरिजाला एक धाकटी बहीण आहे, सोजर. नुकती अठराची झालेली. गिरिजाचं पोरगं आईविना रडतं, त्याला मावशीएवढं कोण करणार, आणि दोन घरांतलं वैर मिटवायला हवं, असं दोन्हीकडच्या जाणत्यांनी ठरवलं. आडवा पडणारा एकटा भाऊ होता, तो आत. आषाढ लागायच्या आत सोजरला मच्छिंद्रला दिली.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात ती बापाबरोबर फोटोला आली. बाप बाहेर तंबाखू मळत बसला. मी दिवे लावत होते.

"ताई, मी बापाला म्हणलं, मला मारून टाका पर तिथं देऊ नका," ती म्हणाली. आवाज अगदी कोरडा. "बाप म्हणला, अगं, काही असतं तर फोटोत आलं असतं."

मी हातातला दिवा स्टँडवर ठेवला.

"सोजर, ऐक," मी म्हणाले. "बाळाचा दर महिन्याला एक फोटो काढायचा असतो, असं सांग सासूला. वाढीचा. सगळ्या बाया काढतात. मी फुकट काढते असं सांग. महिन्याच्या पहिल्या बाजारी ये. बाळाला मांडीवर घेऊन बस आणि पदर खाली ठेव."

तिने माझ्याकडे पाहिलं. हुशार पोरगी. "पुसनार न्हाई ना?"

"नाही."

आली ती. जुलैला आली, सासूबरोबर. तुळजाबाई स्टुलावर बसून सगळं न्याहाळत होती. मी फ्लॅश लावला, दोन फोटो काढले, कशालाही हात लावला नाही, दोन वेगळ्या सीडींवर उतरवून एक मामांकडे ठेवली. ऑगस्टला आली. दंडावर चार गोल डाग, बोटांच्या अंतराने. सप्टेंबरला खालचा ओठ आतून शिवलेला. तुळजाबाई म्हणाली, "धांदरट हाय. उंबऱ्यावर पडली." सोजर बाळाला हसवत होती.

ऑक्टोबरला वीज नव्हती. तुळजाबाई थांबायला तयार नव्हती, म्हणून मी दाराच्या उजेडात फोटो काढला. सोजरने पदर हनुवटीपर्यंत घेतला होता. मी बाळाची टोपी सारखी करायला वाकले आणि पदर खाली ओढला. एकच फोटो मिळाला. दाणे भरपूर होते. पण मानेच्या डाव्या बाजूला, कानाखाली, एक आडवी लाल रेघ होती. नवी. अर्ध्या बोटाएवढी.

मी मूळ फोटो आणि मोठा प्रिंट घेऊन त्याच फौजदाराकडे गेले. त्याने प्रिंट लांब धरला, जवळ धरला.

"बाई, मागच्या वेळी तुम्हीच लिहून दिलं होतं ना, की कमी उजेडात फोटोवर दाणे येतात? लाल, हिरवे?"

"हो, पण ही रेघ आहे. दाणे असे ओळीत येत नाहीत."

"तुम्ही म्हणता म्हणून? मागं तुमच्या फोटोत दिसायला पाहिजे होतं ते नव्हतं. आता दिसायला नको ते आहे." त्याने प्रिंट माझ्याकडे सरकवला. "लेकरू लहान आहे तुमचं. घरी जा."

मामा जालन्याला मोठ्या साहेबांना भेटून आले. अर्ज घेतला गेला. त्यावर काही झालेलं नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या बाजारी सोजर आली नाही. मी दुसऱ्या बाजाराची वाट पाहिली, तिसऱ्याची. कोरडगव्हाणचा एक माणूस शेतीच्या कागदाला फोटो काढायला आला, त्याला विचारलं. "हाय की घरात. तब्येत बरी नसती म्हणं," म्हणाला आणि पुढचं बोलणं टाळलं. मी आणि मामा जीपने गेलो. वेशीतच मच्छिंद्रच्या भावकीने जीप थांबवली, मामांना कॉलर धरून खाली ओढलं, आणि एकाने माझ्या दंडाला धरून सांगितलं की पुन्हा या रस्त्याला दिसलीस तर तुझी पोरगी झोळीत नाही, विहिरीत सापडंल. त्यानंतर वसंताने बदलीचा अर्ज दिलाय. मी रोज दुकान उघडते, दारापासून उपूच्या झोळीपर्यंत किती पावलं ते मोजते आणि कामाला बसते.

आज डिसेंबरची सतरा तारीख. दोन महिने झाले, सोजरला बाहेर कुणी पाहिलेलं नाही.

मला तिथे सगळे ओळखतात. तुम्हाला नाही ओळखत. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कुणाचं त्या बाजूला जाणं असेल, बियाणं विकायला, पोलिओचा डोस द्यायला, मतदारयादी तपासायला, काहीही निमित्त असेल, तर कोरडगव्हाणला उतरा. मारुतीच्या पाराजवळून डावीकडे तिसरं घर, माळवदाचं, दाराला निळा रंग. दारात उभं राहून पाणी मागा. तुळजाबाई पाणी घेऊन येईल, तर ते प्या आणि म्हणा, बाळाच्या आईला बोलवा, तिच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत. ती आजारी आहे म्हणतील, माहेरी गेली म्हणतील. माहेरी गेलेली नाही, मी विचारलंय. तुम्ही ओट्यावर बसा. चहा देतील, घ्या. उन्हं उतरली तरी बसा. सोजर स्वतःच्या पायांनी दारात येईपर्यंत उठू नका.